नाडीचे ठोके आणि विसरभोळेपणा: घरी मोजायला बसण्याआधी

मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला: ‘बसल्या जागी नाडी ८० च्या वर? सावधान, स्मृतिभ्रंश दारात उभा आहे!’ अर्ध्या तासात सासूबाईंनी करोनात घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटातून शोधून काढलं, बोट घातलं आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, “अगं, माझे तर ९८ आहेत. संपलंच म्हणायचं.”

मी वाकून बघितलं. ९८ हा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा होता. ठोके त्याच्या शेजारी, छोट्या हृदयाच्या चित्राजवळ दिसत होते: ८६.

“अहो आई, ९८ म्हणजे उलट उत्तम. तो ऑक्सिजन आहे.”

“बरं. पण मग ८६ तरी ८० च्या वरच ना?”

हा प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने आमच्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि रोज सकाळी सासूबाईंचं मनगट धरून जे कळलं, ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांची नाडी पहिल्यांदाच मोजायला बसणाऱ्याला कुठे अडतं, ते मला पक्कं ठाऊक झालंय.

आधी हे ‘विश्रांतीचे ठोके’ म्हणजे काय

तुम्ही जागे आहात, शांत बसला आहात, नुकतेच जिना चढलेले नाही, कुणाशी भांडलेले नाही, अशा वेळी हृदय मिनिटाला जितक्यांदा धडधडतं ते विश्रांतीचे ठोके. मोठ्या माणसात ६० ते १०० हे सर्वसाधारण मानतात. रोज पळणाऱ्या, पोहणाऱ्या माणसाचे ५० किंवा त्याहूनही कमी असू शकतात आणि तो ठणठणीत असतो, कारण त्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मिनिटाला ७० धरले तर दिवसाचे साधारण एक लाख ठोके होतात.

सासूबाईंनी ८६ मोजले तेव्हा त्या नुकत्याच तिसऱ्या मजल्यावर चढून आल्या होत्या (आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही), वर अर्धा कप चहा झालेला आणि फॉरवर्ड वाचून जीव घाबरा. असा आकडा विश्रांतीचा धरायचा नसतो.

मोजायचं कसं

सकाळची वेळ धरा. उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, पण चहाच्या आधी. हे ‘चहाच्या आधी’ आमच्याकडे सर्वांत अवघड गेलं. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं नुसतं बसायचं. टीव्ही बंद, बोलणं बंद.

मग हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला, हाड आणि मधली ताठ दोरीसारखी लागणारी शीर यांच्यामध्ये एक खोलगट जागा आहे. तिथे दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी जाणवते आणि आपण आपलेच ठोके दुसऱ्याच्या नावावर लिहून मोकळे होतो. फार दाबलं तर ठोका गायब होतो. सापडत नसेल तर बोटं किंचित वर-खाली सरकवा, घाई करू नका. मला पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली आणि सासूबाई म्हणाल्या, “आहे ना मी अजून?”

म्हाताऱ्या माणसांची मानेवरची नाडी दाबत बसू नका. तिथे दाब पडला तर चक्कर येऊ शकते. मनगट पुरेसं आहे.

मोजायचं पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चाराने गुणायची पद्धत सोयीची आहे, पण त्यात एक ठोका चुकला की हिशेबात चार चुकतात. शिवाय मिनिटभर बोट ठेवलं की आकड्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट कळते, ती म्हणजे ताल. घड्याळाच्या टिकटिकीसारखा सरळ चाललाय, की मध्येच अडखळतो, दोन लगोलग येतात, मग खंड पडतो? श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होणं ठीक आहे. पण अगदीच बेताल वाटलं तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. त्याबद्दल पुढे येतंच.

ऑक्सिमीटर, बीपीचं डिजिटल मशीन, मनगटी घड्याळ, काहीही चालेल. ऑक्सिमीटर लावताना हात गार नको, नखाला नेलपॉलिश नको, बोटावर गडद मेंदी नको, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या. स्मार्ट घड्याळाचा पट्टा सैल असेल तर ते काहीही दाखवतं. शिवाय काही घड्याळं झोपेतले ठोके धरून ‘विश्रांतीचा’ आकडा काढतात, तो बसून मोजलेल्यापेक्षा कमी येतो. दोन साधनांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात वेळ घालवू नका. एक निवडा आणि तेच धरा.

सात दिवस लिहा, मगच काळजी करा

आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, बाई कधी आली नाही, हे सगळं असतं. त्यातच सासूबाईंचे ठोके लिहायला लागलो. पहिला आठवडा असा होता: ८४, ८८, ८५, ९१, ८६, ८७, ८४. चौथ्या दिवशी ९१ का, तर आदल्या रात्री भजनाला जागरण आणि दिवसभर उपास, पाणी कमी. झोप, ताप, पाणी, नवी गोळी, असं काही असेल तर आकड्याशेजारी एक शब्द लिहाच. नुसता ताप असला तरी दर अंश सेल्सिअसमागे ठोके साधारण आठ-दहाने वाढतात, त्यामुळे आजारपणातला आकडा धरायचा नाही. मे महिन्याच्या उकाड्यातही ते वर सरकतात.

सात दिवसांची सरासरी काढली: साधारण ८६. म्हणजे जिना, चहा आणि फॉरवर्ड बाजूला ठेवूनही आकडा तोच राहिला. आता सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं.

८० हा आकडा आला कुठून

फॉरवर्डच्या मुळाशी खरा अभ्यास आहे. स्टॉकहोममधल्या कुंग्सहोल्मेन भागात ६० वर्षांवरच्या लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा एक प्रकल्प चालतो. त्यातल्या २,१४७ जणांची माहिती तिथल्याच कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. सुरुवातीला यातल्या कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. ईसीजीवरून विश्रांतीचे ठोके नोंदवले आणि १२ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. ज्यांचे ठोके ८० किंवा जास्त होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका ६० ते ६९ ठोके असलेल्यांपेक्षा ५५ टक्के जास्त दिसला. हृदयविकार, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही संबंध टिकला. हा अभ्यास २०२१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला.

त्याआधी अमेरिकेत चार ठिकाणच्या साडेतेरा हजारांहून अधिक मध्यमवयीन लोकांवरही असंच निघालं होतं. तिथे ८० किंवा वरच्यांची तुलना ६० च्या खालच्यांशी केली आणि धोका साधारण २८ टक्क्यांनी जास्त भरला.

आता ‘५५ टक्के’ म्हणजे शंभरातल्या पंचावन्न जणांना होणार, असं नाही. समजा, एका गटात शंभरातल्या दहा जणांना काही वर्षांत हा आजार होणार आहे. ५५ टक्के वाढ म्हणजे दुसऱ्या गटात तो पंधरा-सोळा जणांना होईल. उरलेल्या चौऱ्याऐंशी जणांचे ठोके जलद असूनही त्यांना तो होणार नाही. (दहा हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतलाय.) फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे चौऱ्याऐंशी जण गाळले.

दुसरी गोष्ट: या अभ्यासांनी लोकांना नुसतं बघितलं, कुणाचे ठोके मुद्दाम कमी करून पाहिले नाहीत. दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणजे पहिलीमुळे दुसरी होते, असं ठरत नाही. कदाचित ताणाच्या वेळी शरीराला सावध करणारी मज्जासंस्था सतत चढलेली राहते, रक्तवाहिन्या कडक होतात, मेंदूतल्या बारीक वाहिन्यांना मार बसतो आणि जलद नाडी ही त्याची बाहेर दिसणारी खूण असते. कदाचित ज्याचं चालणं-फिरणं कमी, त्याचे ठोकेही जास्त आणि धोकाही जास्त. किंवा उलटंही असेल: मेंदूत बिघाड आधी सुरू होतो आणि हृदयाचा ताल सांभाळणारी यंत्रणा त्यात सापडते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात ऐकू कमी येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, उपचार न केलेली कमी दृष्टी हे सगळं आहे. विश्रांतीचे ठोके त्या यादीत नाहीत.

म्हणून माझं मत असं झालंय की ८६ या आकड्याकडे बघून पुढच्या दहा वर्षांचं भविष्य वाचत बसू नये. आज हे ८६ का, एवढंच विचारावं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा सापडतं.

जास्त का आहेत, ते शोधा

आमच्या डॉक्टरांनी कालनिर्णयचं पान बघितलं, हसले, आणि रक्त तपासायला सांगितलं: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व, साखर, सोबत एक ईसीजी. स्मृतिभ्रंशाचा विषयसुद्धा काढला नाही. मला थोडा रागच आला होता. मग कळलं की या साध्या तपासण्या एकाच वेळी दोन्ही गोष्टींची चौकशी करतात, ठोक्यांचीही आणि विसरण्याचीही.

रक्त कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात. बी-१२ कमी झालं तर रक्तही कमी होतं आणि विसरणं, पायाला मुंग्या, चिडचिड हेही सुरू होतं. शुद्ध शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे हमखास बघावं. थायरॉईड जास्त काम करत असेल तर नाडी पळते, हात थरथरतात, वजन उतरतं. तो कमी काम करत असेल तर नाडी मंदावते आणि माणूस सुस्त, विसराळू होतो. यातलं सगळं उपचाराने सुधारू शकतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी माणसांची बी-१२ ची तपासणी कुणी केलेलीच नसते.

सासूबाईंचं हिमोग्लोबिन ९.१ निघालं, बी-१२ ही कमी. इतके दिवस त्या ‘जिना चढवत नाही, वय झालं’ म्हणत होत्या आणि आम्ही मान डोलावत होतो.

कारण रक्ताच्या रिपोर्टात सापडलं नाही तर रोजच्या सवयी बघा. तंबाखू कोणत्याही रूपात ठोके वाढवते. बिडी-सिगारेट सगळ्यांना दिसते, पण मिश्रीकडे कुणाचं लक्ष जात नाही. साताऱ्याकडच्या आमच्या एक आत्या ‘मी कुठे तंबाखू खाते?’ म्हणत दिवसातून तीनदा मिश्री लावतात. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं. दम्याच्या पंपातली साल्ब्युटामॉलसारखी औषधं आणि सर्दीच्या काही गोळ्याही नाडी पळवतात. पण म्हणून पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. अपुरी झोप, घोरताना मध्येच श्वास अडकणं, सतत कशाची तरी धास्ती, हेही आहेच.

आणि बेताल नाडी. उतारवयात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहण्याचा एक विकार होतो, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि स्मृतिभ्रंशाशीही त्याचा संबंध आढळलाय. यात सगळे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, म्हणून बोटाने मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणजे मनगटावर ‘छान ७२’ मिळून आपण निर्धास्त राहतो. खात्री ईसीजीनेच होते. पूर्ण मिनिट बोट ठेवायला सांगते ते यासाठी.

ठोके कमी करायची गोळी?

नातेवाइकांपैकी एकाने फॉरवर्ड वाचून शेजाऱ्यांची मेटोप्रोलॉल घ्यायचा बेत केला होता. असलं काही करू नका. ही गोळी रक्तदाब किंवा हृदयाच्या ठरावीक कारणांसाठी देतात. औषधाने ठोके खाली आणले की स्मृतिभ्रंश टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. ज्यांना ती आधीच सुरू आहे त्यांचा ६२ हा आकडा गोळीचाही असतो, तब्येतीचं प्रमाणपत्र म्हणून तो मिरवू नये.

घरात स्मृतिभ्रंशाचं निदान आधीच झालेलं कुणी असेल तर नाडी मोजणं वेगळ्याच कारणाने कामाचं आहे. त्यासाठी दिलं जाणारं डोनेपेझिल नाडी मंद करू शकतं. सोबत मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर ठोके फार खाली जाऊन चक्कर, पडणं, हाड मोडणं असं होऊ शकतं. हृदयाचे डॉक्टर वेगळे आणि मेंदूचे वेगळे असले की एकाची चिठ्ठी दुसऱ्याने बघितलेलीच नसते. दोन्ही फाइली एकाच पिशवीत ठेवा.

ठोके खाली आणायचा आपल्या हातातला मार्ग म्हणजे चालणं. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. सुरुवात दहा मिनिटांपासून करा. फरक दिसायला काही आठवडे ते महिने लागतात आणि तो काही ठोक्यांचाच असतो. हृदयविकार असेल तर आधी विचारून घ्या.

विसरण्याची वही

ठोके मोजता मोजता विसरण्याकडेही तितक्याच शांतपणे बघा. भारतात ६० वर्षांवरच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे बाकीच्या बहुतेकांना तो नाही. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं किंवा भाच्याला पुतण्याच्या नावाने हाक मारणं यासाठी कुणी दवाखान्यात जात नाही. पण चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला पुरण वाटल्यावर पुढे काय ते सुचेना, रोजच्या भाजीवाल्याकडून परतताना वाट चुकली, सुट्टे पैसे मोजता येईनात, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा आला, तर तारखेसकट लिहून ठेवा आणि दाखवा. तपासणीत ‘हल्ली विसरतात’ यापेक्षा ‘१२ तारखेला गॅस दोनदा उघडा राहिला’ हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतं.

एक वेगळी गोष्ट: काल सायंकाळपर्यंत नीट बोलणारं माणूस आज सकाळी एकदम असंबद्ध बोलायला लागलं, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो, कारण तो असा एका रात्रीत येत नाही. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, नवीन गोळी, असं काहीतरी असतं, आणि संसर्ग असेल तर नाडीही पळत असते. त्याच दिवशी दाखवा.

थांबू नये अशी वेळ

शांत बसूनही ठोके पुन्हा पुन्हा १०० च्या वर येत असतील किंवा ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर आठवडाभर वही लिहीत बसू नका. छातीत दुखणं, धाप किंवा शुद्ध हरपणं सोबत असेल तर थेट दवाखान्यात न्या. तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, बोलणं लडबडणं दिसलं तर १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासच असतात, आणि तेही लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात.

आमच्याकडे पुढे

इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या आणि सायंकाळच्या बागेतल्या फेऱ्या असं चार महिने चाललं. जानेवारीच्या कालनिर्णयात सासूबाईंचे ठोके ७४ ते ७८ च्या मध्ये आहेत. तिसऱ्या मजल्यावर येताना आता त्या एकाच ठिकाणी थांबतात, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी बोलायला.

परवा त्यांनी माझंच मनगट धरलं. मी म्हटलं, “अहो आई, मला काय झालंय?” त्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत मोजत राहिल्या. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातली माणसं मध्यमवयीन होती, हे मीच त्यांना सांगून बसले होते. मिनिट संपल्यावर त्यांनी पेन्सिल घेतली आणि सिलिंडर लावल्याच्या नोंदीखाली माझ्या नावाचं आद्याक्षर घालून लिहिलं: ८३. मग म्हणाल्या, “चहा घेतला होतास ना? उद्या परत.”